माल उतरतो, माणूस उतरत नाही

आशियातल्या बहुतेक मोठ्या बंदर-शहरांत पाहुण्याला हमखास दाखवली जाणारी एक जागा असते, ती म्हणजे तिथली चिनी वस्ती. सिंगापूरला ती आहे, योकोहामाला आहे, बँकॉकला याओवारात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहे. मनिलात स्पॅनिशांनी १५९४ साली वसवलेलं बिनोंदो तर आजही गजबजलेलं असतं. या यादीत मुंबई नाही. खरं तर चीनशी व्यापार करून जितके पैसे मुंबईने कमावले, तितके हिंदुस्थानातल्या फार थोड्या शहरांनी कमावले असतील. या शहराची इस्पितळं, पूल आणि धर्मादाय संस्था यांच्या पायात कँटनच्या व्यापारातला पैसा आहे. तरीही चिनी मुंबई पाहायची म्हटली तर हाताशी काय लागतं? माझगावातलं एक देऊळ, अँटॉप हिलची दफनभूमी आणि चर्चगेट-कुलाब्याकडची मोजकी हॉटेलं. खाडीपलीकडे नवी मुंबईच्या अंगणात न्हावा-शेव्याचं बंदर आहे. चिनी मालाने भरलेल्या पेट्या तिथे रोज उतरतात, पण त्या बंदरामागे चिनी माणसांची एक गल्लीसुद्धा नाही. याचा उलगडा करताना सहसा व्यापाराचा आकार, माणसांची संख्या, काळाचा ओघ अशी कारणं पुढे केली जातात. माझं म्हणणं असं, की ही सगळी दुय्यम कारणं आहेत. परक्या माणसांची वस्ती उभी राहते आणि टिकते ती त्यांना मिळालेल्या राहण्याच्या हक्कावर. मुंबई आणि नवी मुंबईचा दोनशे वर्षांचा इतिहास याची साक्ष एकदा नव्हे, तीनदा देतो.

पहिली साक्ष अफूच्या काळातली. बंगालमधल्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्यातली अफू मात्र शिंदे-होळकरांच्या आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकायची आणि कंपनीच्या मुठीत येत नव्हती. ती दमणमार्गे, कराचीमार्गे निसटून चीनला जायची. अडवून अडत नाही म्हटल्यावर कंपनीने १८३१ पासून परवान्याची पद्धत आणली. दर पेटीमागे पैसे भरा आणि माल राजरोस मुंबईतून न्या. मग माळवा ते मुंबई आणि मुंबई ते कँटन हा रस्ता वाहता झाला. जमशेटजी जीजीभाई यांनी त्याआधीच चीनच्या पाच सफरी करून कापसात आणि अफूत जम बसवला होता. १८०५ मधल्या एका सफरीत फ्रेंचांनी जहाज पकडलं, तेव्हा त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. पुढे हाच जार्डिन चीनच्या किनाऱ्यावरचा सर्वांत बडा व्यापारी झाला आणि जमशेटजी त्याचे मुंबईतले भागीदार. १८३९ साली आयुक्त लिन झ-शूने कँटनजवळ अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, त्यातला बराच माल मुंबईच्या पेढ्यांचा होता. त्यावरून पेटलेलं युद्ध १८४२ च्या नानकिंग तहाने संपलं आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ती मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली होती. चीनच्या इतिहासातल्या त्या मानहानीत मुंबईचा माल होता, मुंबईचं भांडवल होतं आणि मुंबईचं लाकूडही होतं.

इतक्या दाट संबंधातून मुंबईत चिनी मोहल्ला उभा राहायला हवा होता. तो राहिला नाही, कारण हा व्यापार मुंबईच्या माणसाला कँटनला नेत होता. कँटनच्या माणसाला मुंबईत यायचं प्रयोजन नव्हतं. वस्ती झाली ती दुसऱ्या टोकाला. मकाऊला १८२९ मध्ये आणि हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीत १८५२ मध्ये पारशांच्या दफनभूम्या झाल्या. दख्म्याची, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या मनोऱ्याची, सोय नसलेल्या मुलखात मृतांसाठी जमीन घ्यायची, म्हणजे तिथे कायमचं राहायचं ठरवलेलं असतं. होर्मसजी मोदी यांच्या देणगीतून हाँगकाँग विद्यापीठ उभं राहिलं, त्यांच्या नावाचा रस्ता त्सिम शा त्सुईत अजून आहे. दोराबजी नौरोजींच्या फेरीबोटींतून पुढे ‘स्टार फेरी’ झाली. आजही हाँगकाँगचा पर्यटक ज्या बोटीतून खाडी ओलांडतो, तिची मुळं मुंबईकर पारशाच्या धंद्यात आहेत. हे पारशी तिथे मूठभरच होते. चिनी लोकसंख्येपुढे त्यांची गणती नगण्य. पण ते ब्रिटिश प्रजाजन होते, जमीन भाडेपट्ट्याने घेऊ शकत होते, विश्वस्त संस्था काढू शकत होते आणि त्यांच्या मुलांना तिथून कुणी हुसकावणार नव्हतं. एकाच व्यापाराच्या दोन टोकांवर दोन वेगळे निकाल लागले. ज्या टोकाला परक्याला राहण्याचा हक्क आणि राहण्याचं कारण दोन्ही मिळालं, तिथे खूण उरली.

मुंबई इलाख्यात चिनी माणसं त्या काळात आली, ती व्यापारी म्हणून नव्हे, कैदी म्हणून. मलाक्का, पेनांग, सिंगापूर या ब्रिटिश वसाहतींत शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरला ठेवले जात. त्यांच्याकडून रस्त्यांची कामं करून घेतली आणि भाजीचे मळे लावून घेतले. साहेबांच्या बंगल्यांना लागणारे बटाटे आणि भाज्या या मळ्यांतून यायच्या. वेताच्या आणि बांबूच्या टोपल्या विणण्यातही त्यांचा हात चांगला होता. १८६४ च्या सुमारास तो तुरुंग बंद झाला आणि त्यांच्या वस्तीचं प्रकरण तिथेच मिटलं. आज महाबळेश्वरला जाणारे मराठी पर्यटक ‘चायनामन’ धबधब्यापाशी फोटो काढतात, तेव्हा नकळत त्या मळ्यांच्या जागी उभे असतात. या माणसांनी तीन दशकं एका डोंगरावर काढली, जमिनीला हात लावला, पीक बदललं. पण जमीन त्यांची नव्हती, मुक्काम त्यांच्या मर्जीचा नव्हता आणि सुटका झाल्यावर तिथे थांबण्याला आधार नव्हता. म्हणून धबधब्याला नाव मिळालं आणि माणसांची नावं गेली.

दुसरी साक्ष माझगावची. खरी चिनी वस्ती तिथे झाली ती आगबोटींच्या काळात. सुएझ कालवा १८६९ ला खुला झाला, प्रिन्सेस डॉक १८८० ला, अलेक्झांड्रा डॉक १९१४ ला. माझगावात पी. अँड ओ. कंपनीची गोदी होती आणि परदेशी आगबोटींवर चिनी खलाशी, सुतार, फिटर, आचारी मोठ्या संख्येने असत. त्या काळी जहाज बंदराला लागलं की माल चढवण्या-उतरवण्यात दिवसच्या दिवस जात. एका बोटीवरचा करार संपला की दुसरीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशाला किनाऱ्यावर थांबावं लागे. या थांबण्यातून खाणावळी आल्या, खोल्या आल्या, पैशाची देवघेव आली आणि अखेर देव आला. १९१९ साली ‘सी यप कून’ या मंडळींनी नवाब टँक भागात देऊळ बांधलं. सी यप म्हणजे कँटनच्या नैर्ऋत्येचे चार तालुके. या चार तालुक्यांची माणसं एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला आणि ऑस्ट्रेलियाला गेली. मेलबर्नला त्यांनी १८६६ मध्येच असंच देऊळ बांधलं होतं. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून पायी अंतरावर असलेलं माझगावचं देऊळ बाहेरून साध्या दुमजली घरासारखं दिसतं. खाली करुणेची देवी क्वान यिन, वर क्वान कुंग. हा क्वान कुंग म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला मारला गेलेला सेनापती, पुढे शपथेला जागणाऱ्याचा आणि न्यायाचा देव झालेला. लाल-सोनेरी वेदी, उदबत्त्यांचा धूर, आणि कौल लावायला बांबूच्या आकडेवार काड्या. घरापासून हजारो मैल दूर, वेगवेगळ्या बोटींवर विखुरलेल्या माणसांनी शब्द पाळण्याच्या देवाला मधोमध बसवावं, यात धर्माइतकाच व्यवहारही होता. त्याच्यासमोर घेतलेली शपथ हाच त्यांचा करारनामा.

माझगावपुरतीच ही वस्ती राहिली नाही. कामाठीपुऱ्यालगतच्या शुक्लाजी स्ट्रीटकडे चिनी अफूखाने होते, चिनी दंतवैद्य होते. ज्या शहराने चीनला अफू पुरवली, त्याच शहरात चिनी माणूस अफूची नळी भरून देत बसला. इतिहासाने काढलेला हा वचपा कादंबरीकारांच्याही नजरेतून सुटला नाही. शांतुंगकडचे फेरीवाले रेशमाची गाठोडी खांद्यावर टाकून घरोघर फिरायचे आणि पारशी बायकांच्या भरतकामाच्या गारा साड्यांची हौस भागवायचे. चर्चगेटला ‘कामलिंग’, कुलाब्याला ‘नानकिंग’ अशी हॉटेलं निघाली. चपला शिवणारे, केस कापणारे, लाँड्री चालवणारे असे लहान धंदे शहरभर पसरले. इकडे महाराष्ट्राच्या मनातही चीनबद्दल आपुलकी होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. १९५० नंतर तर कायदाही या वस्तीच्या बाजूचा झाला. २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेलं मूल, आईबापांची राष्ट्रीयता कोणतीही असो, जन्माने भारतीय नागरिक ठरणार होतं. माझगावच्या चिनी पोरांना पहिल्यांदाच या मातीवर पक्का हक्क मिळाला. तो टिकला असता तर पुढच्या दोन पिढ्यांत मुंबईलाही स्वतःची चिनी वस्ती दिसली असती. पण त्या हक्काला बारा वर्षंच मिळाली.

२० ऑक्टोबर १९६२ ला भारत-चीन युद्ध सुरू झालं आणि महिन्याभरात, २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी केली. लढाई हिमालयात झाली, पण तिचा कायदा शहरांत उतरला आणि युद्धानंतरही राहिला. त्या वर्षीच्या परकीयविषयक दुरुस्ती कायद्याने असं ठरवलं, की जी व्यक्ती भारतीय वंशाची नाही आणि जिचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कुणी शत्रुराष्ट्राचं नागरिक होतं, तिला परकीयांना लागू असलेले नियम लागू करता येतील. मग ती भारताची नागरिक का असेना. जन्माचा हक्क दोन पिढ्या मागे जाऊन खोडून काढला गेला. आसाम, शिलाँग, उत्तर बंगालमधून सुमारे तीन हजार माणसं राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेली. त्यांत म्हातारी होती, शाळकरी पोरं होती. दोन हजारांहून अधिक लोक १९६३ मध्ये मद्रासहून चिनी जहाजांवर बसवून पाठवले गेले, तर छावणीतले शेवटचे लोक १९६७ च्या सुमाराला सुटले. मुंबईत बँक ऑफ चायनाची शाखा बंद झाली. चिनी माणसाला पोलिसांत नोंद करणं सक्तीचं झालं. नोंदवलेल्या पत्त्यापासून चोवीस तासांहून अधिक दूर राहायचं तर परवानगी हवी. खलाशाला, फेरीवाल्याला, हॉटेलसाठी माल आणायला बाहेरगावी जाणाऱ्याला या एका अटीने काय झालं असेल, हे सांगायला वेगळा पुरावा नको. पुढे १९६८ चा शत्रुसंपत्ती कायदा आला. त्याचा अभिरक्षक मुंबईतच, बॅलार्ड इस्टेटच्या कैसर-ए-हिंद इमारतीत बसत असे. त्याच्या ताब्यातल्या नऊ हजारांहून अधिक मालमत्तांपैकी चिनी नागरिकांच्या फक्त १२६, असं केंद्र सरकारने सांगितलं आहे. हा लहान आकडाही बोलका आहे. ज्यांच्याकडे नावावर जमीनच कमी होती, त्यांच्याकडून जप्त करायलाही फारसं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. युद्धात कोणतंही राज्य शत्रुराष्ट्राच्या माणसांकडे संशयाने पाहणारच. भारताने केलं ते जगाहून निराळं काय? आक्षेपात तथ्य आहे. १९४२ मध्ये अमेरिकेने एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते. पण तुलना इथे थांबवली तर ती अर्धवट राहते. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. भारतात देवलीबद्दल सरकारने अशी माफी आजवर मागितलेली नाही. छावणीत राहिलेल्यांपैकी बरेच कॅनडात गेले आणि तिथून ती मागणी करत राहिले. युद्धकाळात खबरदारी घेण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला, तरी एक महिन्याच्या युद्धासाठी पाच वर्षांची छावणी आणि दशकभर रेंगाळलेली बंधनं यांचं समर्थन त्यातून होत नाही. आणि या लेखाच्या प्रश्नापुरतं महत्त्वाचं हे, की वस्ती बंदुकीने मोडली नाही. ती रोजच्या नोंदींनी, रखडलेल्या परवान्यांनी, न मिळालेल्या नोकऱ्यांनी मोडली. ज्याला उद्या इथे राहू देतील का याची खात्री नसते, तो दुकानाला रंग देत नाही, पोराला धंद्यात घालत नाही. तो पासपोर्टच्या मागे लागतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, आणि तो सॅन फ्रान्सिस्कोहून येतो. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला आणि तो १९४३ पर्यंत चालवला. हक्क नाकारल्याने वस्ती मरत असेल, तर मग जगातली सर्वांत प्रसिद्ध चिनी वस्ती त्याच देशात कशी? उत्तर दोन गोष्टींत आहे. वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी चीनहून परतला तेव्हा त्याला बंदरातच अडवलं. तो कोर्टात गेला आणि १८९८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की इथे जन्मलेला तो इथला नागरिक; आईबाप चिनी असल्याने त्यात बाध येत नाही. म्हणजे दार नव्यांना बंद होतं, पण आत जन्मलेल्याला बाहेर काढता येत नव्हतं. दुसरं, १९०६ च्या भूकंपात आणि आगीत ती वस्ती बेचिराख झाली, तेव्हा शहराच्या पुढाऱ्यांना ती जागा हिसकावून चिन्यांना गावाबाहेर घालवायचं होतं. चिनी व्यापाऱ्यांनी झटपट पुन्हा बांधकाम केलं आणि मुद्दाम पॅगोडासारखी छपरं, ड्रॅगन, रंगीत सज्जे लावले, जेणेकरून गोरा गिऱ्हाईक पाहायला येईल आणि शहराला त्या जागेतून पैसा मिळेल. आज पर्यटक ज्याला ‘अस्सल चिनी’ म्हणून टिपतात, ती जिवावर बेतल्यावर केलेली जाणीवपूर्वक रचना होती. पण असा डाव टाकायला पायाखाली जमीन लागते. १८९८ चा निकाल आणि १९६२ चा कायदा समोरासमोर ठेवा : एकाने वंशाच्या वर जन्म ठेवला, दुसऱ्याने जन्माच्या वर वंश. सॅन फ्रान्सिस्को आणि माझगाव यांच्यातलं अंतर तिथे पडलं.

तिसरा आक्षेप असा, की ही माणसं तशीही गेलीच असती. साठ-सत्तरच्या दशकांत कॅनडा, ऑस्ट्रेलियाची दारं उघडली, मुंबईतली गोदीची कामं आटली. मग १९६२ ला बोल कशाला? स्थलांतराचा ओघ होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण कोलकात्याकडे पाहिलं तर फरक ध्यानात येतो. तिथली वस्ती सुरू झाली ती वॉरन हेस्टिंग्जच्या काळात टोंग आचू नावाच्या चिनी माणसाला बजबजजवळ साखर कारखान्यासाठी मिळालेल्या जमिनीवर. ते गाव त्याच्या नावाने आजही आचीपूर म्हणून ओळखलं जातं. पुढे हाक्का या चिनी समाजातल्या लोकांनी टांग्रात चामड्याचे कारखाने काढले. १९६२ चा घाव कोलकात्यावर मुंबईहून कमी नव्हता आणि बंदर म्हणून कोलकाता मुंबईहून जास्त खंगलं. तरीही टांग्रा टिकलं, कारण तिथे कारखाने होते आणि कारखान्यांखाली जमीन होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणापोटी ते कारखाने बानतलाला हलवायला सांगितलं, तेव्हा मालकांनी त्याच जागेत हॉटेलं काढली. टिरेटा बाजारात सकाळचा चिनी नाश्ता खायला आजही माणसं जातात. मुंबईची वस्ती खलाशाच्या कराराची आणि भाड्याच्या खोलीची होती. तिला धक्का बसला तेव्हा धरून ठेवायला काही नव्हतं. स्थलांतर दोन्हीकडे झालं; उरलं तिथेच जिथे काही मालकीचं होतं.

आणखी एक आक्षेप नवी मुंबईतला कुणीही घेईल. चिनी संस्कृती कुठे गेली आहे? वाशी, नेरूळ, खारघर, कामोठे, कुठल्याही नाक्यावर संध्याकाळी सात वाजता उभं राहा. लाल पाटी, त्यावर मुद्दाम वाकडीतिकडी काढलेली अक्षरं, शेगडीची भर्रर्र आवाज करणारी ज्योत, काळ्या कढईत उडणारा कोबी, आणि गिऱ्हाईक ‘एक ट्रिपल शेजवान, एक चायनीज भेळ’ सांगतंय. हेच चिनी वस्तीचं वारसदार नव्हे का? वारसदार आहे, पण वस्तीचं नव्हे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत असताना त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची यांत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून चिकन मंचुरियन केलं, हे प्रसिद्धच आहे. मंचुरियात असं काही खात नाहीत. तो पदार्थ गाडीवर आला, कोल्हापुरी-उडप्यांच्या हाती पडला, शेजवान चटणी वडापावात गेली. आज त्या गाडीवरचा आचारी बहुधा नेपाळी, बंगाली किंवा इथलाच मराठी असतो. पदार्थाला सरहद्दीवर थांबवून त्याचा आजा कोण विचारलं जात नाही. म्हणून तो आत आला आणि घरचा झाला. खाणं पसरलं आणि खाऊ घालणारे पांगले, हे दोन्ही एकाच काळात घडलं. गाड्यांची गर्दी पाहून चिनी माणसाची उणीव भरून निघाली असं म्हणणं, म्हणजे ‘चायनामन’ धबधब्याकडे बोट दाखवून कैद्यांचा मान राखला असं म्हणण्यासारखं आहे.

आता शेवटची साक्ष, न्हावा-शेव्याची. मुंबई बंदरावरचा ताण हलका करायला उरण तालुक्यात हे बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि बघता बघता मुंबई बंदराचा कंटेनर व्यवहार त्याने ओढून घेतला. अलीकडच्या वर्षांत इथून वर्षाला वीस फुटी मापाच्या साठ लाखांहून अधिक पेट्या जातात-येतात. २०२३-२४ मध्ये भारताची चीनकडून आयात शंभर अब्ज डॉलरच्या वर गेली. मोबाइलचे सुटे भाग, यंत्रं, रसायनं, सौर पटल यांतला मोठा हिस्सा पश्चिम किनाऱ्यावर इथेच उतरतो. माळव्याच्या अफूचा व्यापार याच्यापुढे चिल्लर वाटावा. पण हजारो पेट्या वाहणाऱ्या जहाजावर माणसं असतात वीस-पंचवीस, आणि जहाज एक-दोन दिवसांत परत निघतं. किनाऱ्यावर उतरायला पास लागतो. बंदराभोवती कुंपण, सुरक्षा दलाचा पहारा, पुढे ट्रेलरच्या रांगा आणि द्रोणागिरीपर्यंत पसरलेली कंटेनर यार्डं. १९१९ मध्ये ज्या थांबण्यातून देऊळ उभं राहिलं, ते थांबणंच नव्या बंदराने संपवलं. यंत्राने ते संपवलं हे खरं. पण कायद्यानेही हातभार लावला. २०२० च्या एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, जूनमध्ये गलवानमध्ये वीस जवान शहीद झाले, महिनाअखेर ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली. चिनी नागरिकांचे पर्यटन व्हिसा बंद झाले ते २०२५ च्या जुलैपर्यंत. या पाच वर्षांत आयात मात्र वाढतच गेली. सीमेवरच्या रागाचा भार माणसावर पडला, पेटीवर पडला नाही. अफूच्या काळी व्यापार मोठा आणि वस्ती शून्य. आगबोटींच्या काळी व्यापार मध्यम आणि वस्ती जिवंत. कंटेनरच्या काळी व्यापार अफाट आणि वस्ती पुन्हा शून्य. व्यापाराच्या आकाराशी वस्तीचं गणित जुळत नाही, हे याहून स्पष्ट काय दिसणार?

राहण्याचा हक्क काय करू शकतो, याचा पुरावा शोधायला नवी मुंबईकराला परदेशी जावं लागत नाही. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. आज सेक्टरांच्या मधोमध आगरी-कोळ्यांची गावठाणं, त्यांची देवळं, त्यांचे नारळी पौर्णिमेचे सोहळे दिसतात. त्यांच्यामागे सरकारची रसिकता नाही, भांडून मिळवलेला हक्क आहे. तो पुरता मिळाला असं नव्हे. शेव्याच्या कोळ्यांचं पुनर्वसन अजून रखडलेलंच आहे, आणि जिथे ते रखडलं तिथे गावही विरत चाललं आहे. जो नियम भूमिपुत्राला लागू पडतो तोच परक्यालाही : हक्क जितका पक्का, तितकी वस्ती दीर्घायुषी.

हे सगळं मान्य केलं तर चिनी वस्ती पाहायला जाण्याचा अर्थही बदलतो. सिंगापूरची चिनी वस्ती रॅफल्सच्या १८२२ च्या नगररचनेत आखून दिलेली होती. स्वातंत्र्यानंतर तिथली दाटीवाटीची घरं रिकामी करून माणसं उंच इमारतींत हलवली आणि १९८९ मध्ये उरलेल्या दुकानघरांना वारशाचा दर्जा देऊन रंगवलं. ती सुंदर आहे, पण ती आता वस्तीपेक्षा देखावा अधिक आहे. मुंबईला तसा देखावा उभारणं कठीण नाही. माझगावात एक लाल कमान आणि चार कंदील लावले की काम झालं. त्याने काही साधणार नाही. माझगावचं देऊळ पाहण्याजोगं आहे ते तिथे अजून माणसं येतात म्हणून. चिनी नववर्षाला शहरातली उरलेली कुटुंबं मध्यरात्री तिथे जमतात, सिंहनृत्य होतं, कौल लावले जातात. चार-पाच पिढ्या इथे काढलेली ही माणसं अस्खलित हिंदी-मराठी बोलतात. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी हार्बर लोकल डॉकयार्ड रोडला थांबते; नवी मुंबईकराला हा इतिहास एका तिकिटाच्या अंतरावर आहे. तिथे जाणाऱ्याने देवळाच्या जोडीला १९६२ चा कायदाही वाचून जावं. कारण नवी मुंबईला आता विमानतळ आहे, आंतरराष्ट्रीय धंद्यांची स्वप्नं आहेत, आणि या शहरात उद्या कोरियन, नायजेरियन, नेपाळी, कदाचित चिनीसुद्धा माणसं राहायला येतील. त्यांच्या गल्ल्या पन्नास वर्षांनी इथे दिसतील की नाही, हे ती किती माल आणतात यावर ठरणार नाही. त्यांच्या इथे जन्मलेल्या पोरांना हे शहर आणि हा देश आपलं म्हणतो की आजोबाचं गाव विचारत बसतो, यावर ते ठरेल.